नितीनपर्यंत न पोचलेला निरोप

महिन्यापूर्वी दुपारी वैशालीच्या मुलीचा, ऋचाचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. आजार ठाऊक होता, तरी मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं?"...

वैशालीनं आणि मी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अठरा वर्षं शेजारच्या टेबलांवर बसून काढली. ती सटाण्याची; हसली की वर्गाबाहेर ऐकू यायचं. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा नितीन कसारा घाटात गेला. सकाळचं दाट धुकं, वळणापुढं ट्रक आडवा झालेला आणि मागून येणाऱ्यांना पत्ताच नाही. एकामागून एक गाड्या आदळत गेल्या. नितीनची सहावी होती.

त्यानंतर तिनं पीएचडीला नाव घातलं. ब्रेक दाबलेल्या गाडीनं बिनतारी लहरींवरून मागच्या गाडीला इशारा द्यायचा, तिनं तिच्या मागच्या गाडीला... असा निरोप रस्त्यावर किती लांब पसरतो, याचं गणित ती मांडत होती. रविवारी आम्ही दोघी महामार्गाच्या कडेला बसून गाड्यांमधली अंतरं टिपायचो. जुने ट्रक, कांद्याचे ट्रॅक्टर, दुचाक्या. "यातल्या कितीजणांकडे ते इशाऱ्याचं यंत्र असेल गं?" ती पुटपुटायची.

शेवटी तिनं त्या सकाळचा घाट संगणकावर उभा केला. यंत्रं असलेल्या गाड्या इतक्या विरळ, की इशारा दुसऱ्या-तिसऱ्या गाडीशीच विरायचा. तिनं पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. "नाही पोचत गं त्याच्यापर्यंत," म्हणाली आणि संगणक तसाच सोडून उठून गेली.

मार्गदर्शक म्हणाले, घाटाचं हे प्रकरण वगळा, प्रबंध निराशाजनक वाटतो. तोवर वैशालीला यकृताच्या कर्करोगाचं निदान झालं होतं. केमोच्या मधल्या दिवसांत तिनं तेच प्रकरण पुन्हा लिहून काढलं. मी चिडले, "कशाला हा हट्ट?"

"पोचतो असं खोटं लिहिलं, तर उद्या कुणीतरी त्याच्या भरवशावर गाडी हाकेल," ती म्हणाली. प्रबंध त्या प्रकरणासकट सादर झाला. तोंडी परीक्षेपर्यंत ती राहिली नाही.

दहाव्यानंतर ऋचा मला घरी सोडत होती. नाशिकातल्या द्वारका चौकाच्या अलीकडे पुढची वाहनं एकदम थबकली. ऋचानं काच खाली केली, हात बाहेर काढला आणि मागच्यांसाठी सावकाश वरखाली हलवत राहिली. नितीन गेल्यापासून वैशाली दर वेळी असंच करायची, मागचे दिवे लागलेले असले तरी. आमच्या मागचा ट्रक हळू झाला, थांबला. ऋचानं हात आत घेतला नाही.