आधी स्वतःची लाळ

तपासणीवाला पोरगा आमच्या माधव नगरात डब्याएवढं मशीन घेऊन घरोघरी फिरतो. ते म्हणे लाळेतले अगदी बारीक कण वेगळे काढून आजार ओळखतं. कोणी घाबरू नये म्हणून तो आधी स्वतःची लाळ घालून दाखवतो.

काल त्याचाच दिवा लाल लागला. मशीन पुसून त्यानं पुन्हा लाळ घातली, तरी लालच. माझा हिरवा आला.

“आजी, तुमचंवालं माझ्या नावाने लिहून टाकू?”

“नवी नवरी असताना मी लाजेपायी डॉक्टरला जावेच्या लघवीची बाटली दिली होती. सहा महिने तिचं औषध मी प्याले, अक्कलशून्य. आजार तिचा तिलाच राहिला. चल दवाखान्यात.”

तो गडबडीत उठला आणि माझ्या चपला घालून चालू लागला. मी त्याच्या घातल्या.