पडघ्याहून आलेला रिपोर्ट

फौजेत मी व्हेईकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होतं. तिथल्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम झालेली गाडी थेट ड्रायव्हरच्या ताब्यात देत नसत. ज्या मेकॅनिकने काम पाहिलं तो ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा. दोघं घाटातून एक फेरी मारून यायचे. मग मेकॅनिक चारी चाकांना हात लावून बघायचा. थंड गाडी तपासून काही कळत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायचो.

नाईक बाळाराम त्याच युनिटमध्ये ड्रायव्हर होता. तो पडघ्याजवळच्या खेड्यातला, मी टेमघरचा. मला उस्ताद म्हणायचा. पेन्शनवर आल्यावर दोघंही भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात लागलो. मी गाड्यांचा इनचार्ज, तो जुन्या व्हॅनवर. पॅकिंगच्या बायकांना सकाळी गावांतून आणायचं आणि संध्याकाळी सोडायचं, ही त्याची ड्युटी. हे दोन हजार सालानंतरचं. गोदामांवर गोदामं उठत होती आणि गाडी एक दिवस उभी ठेवायची म्हटलं की शेठच्या कपाळाला आठ्या.

व्हॅनचे ब्रेक नीट लागत नव्हते म्हणून ती गॅरेजला गेली. नवे लायनर, नवं ब्रेक ऑइल घालून परत आली. दोन-तीन दिवसांनी बाळाराम माझ्या टेबलापाशी येऊन सावधान उभा राहिला. ती सवय त्याची गेली नव्हती.

"उस्ताद, सकाळी ब्रेक चांगला हाय. पडघ्यापर्यंत गेलो का गाडी मागून कुनी धरल्यागत चालते. पायडल लाकडासारखा कडक."

"नवे लायनर आहेत. बसायला वेळ लागतो."

"बसत असते तर सैल झाली असती. ही रोज जास्तच आवळते."

"मेकॅनिक तू का मी?"

तो हसला. "तुमीच. मी फकस्त पाय ठेवनारा."

मी उठून बाहेर गेलो. रात्रभर उभी असलेली गाडी आम्ही दोघांनी ढकलून पाहिली. हलकी सरकली. पायडल दाबला, ठीक वाटला. "ओके आहे," मी म्हणालो. त्याच्या शेजारी बसून एक फेरी मारायला हवी होती. ऊन होतं, आणि मला खुर्चीची सवय लागली होती. दुसरं काही कारण नाही.

दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर त्याने चावी टेबलावर फेकली असती. भिवंडीचे ड्रायव्हर शेठलाही सुनावतात. बाळारामने रिपोर्ट दिला होता आणि सीनियरने गाडी फिट म्हटली होती. त्याच्या लेखी विषय संपला. "ठीक है, उस्ताद," म्हणाला आणि गाडीत बसला.

त्याच संध्याकाळी त्याचा मोबाईलवरून फोन आला. वायरलेसवर बोलावं तसा बोलला.

"उस्ताद, पडघ्याला हाय. गाडीत नऊ बाया. मागच्या चाकांना हात लाववत न्हाय. करपल्याचा वास येतोय. थांबू का?"

"चालते ना?"

"चालते."

"मग बायकांना घरी पोचव आणि गाडी घेऊन ये. सकाळी माल आहे."

"उतार हाय मधी."

"बाळाराम, ऑर्डर आहे."

"जी, उस्ताद."

त्याने अर्धी ऑर्डर मोडली. बायकांना तिथेच उतरवलं, दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिलं. एकटा परत फिरला. उतारावर पायडल तळाला गेला. समोर स्टॉपवर माणसं उभी होती. कडेला एक बंद पडलेला ट्रक होता, त्याने व्हॅन त्याच्यावर घातली. मी पोचलो तेव्हा त्याला बाहेर काढून रस्त्याच्या कडेला झोपवलं होतं. तो गेलेला होता.

मी व्हॅनमध्ये डोकावलो. गिअर दुसऱ्यात होता. हँडब्रेक पूर्ण ओढलेला. माणसाच्या हातात जेवढं असतं तेवढं त्याने केलं होतं.

सकाळी मी व्हॅनमधल्या ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडलं. आतलं रबर फुगून मऊ पडलं होतं. बशीत पाणी घेऊन त्यात दोन थेंब टाकले. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हे वर तरंगलं. गॅरेजमध्ये भलतंच तेल ओतलं होतं. त्याने रबर फुगलं, दाब परत सुटेना, ब्रेक आवळलेलेच राहिले. चाकं तापली, तेल उकळलं आणि ब्रेक गेले. तपासायला बशीभर पाणी पुरलं. ते आदल्या दिवशीही पुरलं असतं.

गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "गलती हुई. पर फौजी साब, गाडी तो आपने चेक की थी ना?"

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ब्रेक मी स्वतः तपासले होते, ठीक होते." फौजी मेकॅनिकचा शब्द. त्यावर पुढे कुणी विचारलं नाही. ब्रेक ठीक, म्हणजे चूक ड्रायव्हरची. गावात बोलू लागले की बाळाराम पिऊन होता. तेही मी ऐकलं आणि गप्प राहिलो. बरीच वर्षं.

शेवटी एकदा त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सुमनवहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, फोनसकट. तिचे हात थांबले नाहीत.

"बायांना उतरवलं, ते तुमी सांगितलं व्हतं?"

"नाही. मी पोचव म्हणालो होतो. त्याने स्वतःहून उतरवलं."

"ह्ये गावात सांगा. मी सांगून कुनी मानत न्हाय. तुमी खोटं बोललाव तं मानलं. आता खरं बी मानतील."

पाणी विचारलं नाही. मीही थांबलो नाही.

आमच्या भागातले माजी सैनिक वर्षातून एकदा जमतात. शहीद झालेल्यांची नावं घेतात. बाळाराम पेन्शनवर असताना गेला, म्हणून त्याचं नाव त्यात नसतं. त्या वर्षी सभा त्याच्याच गावात ठेवायला लावली. गावकऱ्यांना बोलावलं. शेवटचं नाव झाल्यावर मी उभा राहिलो आणि इथे लिहिलं तेवढंच सांगितलं. माझं आधी, मग त्याचं.

नाईक बाळाराम, ड्रायव्हर. शुद्धीत होता. बिघाडाचा रिपोर्ट त्याने दोनदा दिला, दोन्ही वेळा बरोबर. नऊ जणींना उतरवलं. स्टॉपवरच्या माणसांना वाचवलं. गाडीत शेवटी एकटाच होता.