सुगराबीनं सोडवलेली मूठ

अमडापूरच्या बाजारात सुगराबीकडून बांगड्या भरल्या की हात दुखत नाही, असं बाया सांगतात. ती नवी सून होती तेव्हा मात्र बाया तिच्यापुढे हातच करत नसत. ती घाई करी, जोर लावी. बांगडी हातातच वाढायची, काच रुतायची आणि समोरच्या बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. सासू कधी रागावली नाही. एवढंच म्हणायची, "हात ओढून येत नाही, बेटा."

मग यावा कसा, हे तिला शेजारच्या जनकाबाईच्या गोठ्यात कळलं. जनकाबाईची म्हैस दुसऱ्या कुणी धार काढायला बसलं की दूध चोरायची. जनकाबाई आधी तिच्या पाठीवरून हात फिरवी, दोन शब्द बोले, कासेला कोमट पाणी लावी आणि पान्हा सुटेपर्यंत गुमान बसून राही. दूध आणायला गेलेली सुगराबी रिकामं भांडं घेऊन कितीतरी वेळ ते बघत उभी राहिली. त्यानंतर तिनं कुणाचा हात ओढला नाही. आधी हात हातात घ्यायचा, माहेरचं विचारायचं. बोलता बोलता अंगठ्याखालचा गड्डा सैल पडला, की बांगडी सरकवायची.

अशी चाळीस वर्षं गेली. आणि गेल्या वर्षी तिला उंद्रीच्या रमाकांतरावांकडून बोलावणं आलं. त्यांच्या मुलीचं, श्रद्धाचं, डोहाळजेवण पंधरा दिवसांवर आलं होतं आणि घरच्या बायकांना हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या.

श्रद्धाचे हात भरून झाले. मग तिची आई, सुलभाबाई, पुढे सरकल्या. जन्मभर शाळेत शिकवत आलेल्या या बाईची डावी बाजू सहा महिन्यांपूर्वी पक्षाघातानं गेली होती आणि जीभही जड झाली होती. उजवा हात भरला तसा त्यांनी त्याच हातानं डावा हात उचलून सुगराबीच्या मांडीवर ठेवला. मूठ गच्च मिटलेली.

"आई, त्या हाताचं राहू दे," श्रद्धा म्हणाली. "मावशी, ती मूठ उघडतच नाही. बाबा रोज जोर लावून बघतात. ती आणखीच आवळते."

सुगराबीनं हात धरला. गप्पा मारल्या, तेल लावलं, वाट पाहिली. मूठ हलली नाही. आपल्या हातून एक हात रिकामा परत जातोय, हे तिला फार लागलं.

"आज नाही जमत, बाई," ती म्हणाली. "मी येते परत."

दोन दिवसांनी ती कुणी न बोलावता आली. दुपार होती. सुलभाबाईंचा डोळा लागला होता आणि डावा हात मनगटापासून खाटेखाली लोंबत होता. सुगराबी दारातच थबकली. लोंबत्या हाताची बोटं उकलली होती.

तिनं श्रद्धाला खुणेनं बोलावलं. "पाह्य. मनगट खाली पडलं, त बोटं सैल झाली. आपण बोटंच ओढून राह्यलो होतो."

सुलभाबाई जाग्या झाल्यावर सुगराबीनं त्यांचा हात उशीवर ठेवला, मनगट उशीच्या कडेवरून अलगद खाली सोडलं आणि वाट पाहत बसली. मूठ हळूहळू सैलावली. आत तळव्यात नखं रुतून चार जखमा झाल्या होत्या.

"बांगड्या राहू दे," सुगराबी म्हणाली. "आधी नेलकटर आन, पोरी. अन् कोमट पाणी."

श्रद्धाला रडू आवरेना. "आम्हाला वाटलं, या हाताला काही कळतच नाही."

"कळतं मला," सुलभाबाई जड जिभेनं म्हणाल्या. "सांगता येत नव्हतं, इतकंच."

रमाकांतराव दाराशी उभे होते. ते पुढे आले, पाण्याचं भांडं सुगराबीच्या हातून घेतलं आणि बायकोचा तळवा स्वतः धुतला.

डोहाळजेवणाच्या दिवशी डाव्या हातात दोन हिरव्या बांगड्या चढल्या. तिसरी वाढली. सुलभाबाई हसून म्हणाल्या, "दोन पुरेत." पुढे चिखलीच्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मनगट वाकवायची रीत बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि तळव्यात रोज मऊ कापडाची गुंडाळी ठेवायला लावली. मूठ पुरती काही उघडली नाही. पण जखमा भरल्या. श्रद्धाची मुलगी मांडीवर निजली, की तिच्या दुपट्याचं टोक सुलभाबाई त्याच हाताखाली दाबून धरतात.

सुगराबी आता सून मलिहाला काम शिकवते. एखादी बाई येऊन बसली की मलिहा लगेच बांगडीचं माप विचारते.

"घाई काऊन करतं?" सुगराबी हळूच म्हणते. "तिचा हात मांडीवर कसा पडला, ते त पाह्य. मले हे साठीत समजलं. तुले आत्ताच समजलं, त बरंच आहे."