सुरतेचं कापड, शेलूबाजारचा भाव

शेलूबाजारच्या फाट्यावर आम्ही ट्रॅव्हल्सची वाट पाहत उभे होतो. हे, मी, दोन बॅगा, एक पोतं आणि आई. लग्नाला वर्ष होत आलं होतं. यांना सुरतेत कापड छापायच्या कारखान्यात काम लागलं होतं. मानोऱ्याकडचा यांचा मावसभाऊ आधीच तिकडे होता, त्यानंच बोलावून घेतलं होतं. फाट्यावर आणखी दोन-तीन घरची माणसं होती. कोणी कोणाच्या गळ्यात पडून रडत होतं, कोणी पोरांच्या खिशात दहाच्या नोटा कोंबत होतं. आई मात्र पदर खोचून उभी होती, जशी काही बाजाराला आली होती.

गाडी लागली. मी खिडकीशी बसले. आई खाली उभी राहून वर पाहत म्हणाली, "तिथं कापडाच्या मिली हायेत म्हनते. सुती कटपीस काय भाव भेटते, पाह्यजो. अन् फोन करजो."

मला रडू आलं ते त्यावर. दुसऱ्यांच्या आया काय काय सांगत होत्या, आणि माझी आई कापडाचा भाव विचारत होती.

आई गोधड्या शिवायची. आमचं गाव फाट्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. तिथं गोधडीसाठी कापड विकत घेणं ही गोष्टच कोणाला माहीत नव्हती. लोक आपली जुनी लुगडी, धोतरं, बनियन, पोरांचे शर्ट गाठोड्यात बांधून आणून द्यायचे आणि आई त्यांची त्यांना गोधडी करून द्यायची. मजुरी पैशात मिळे, नाहीतर ज्वारीत. विकत आणायचं ते फक्त वरच्या कडेचं कापड आणि दोरा. तेवढ्यासाठी ती बाजाराच्या दिवशी मला घेऊन शेलूबाजारला जायची. ताडपत्रीवर कटपीसचा ढीग पडलेला असे. आई त्यात कोपरापर्यंत हात घाली, एक तुकडा ओढून मुठीत दाबून सोडी. चुरगळा राहिला तर सुती. मग ओलं बोट घासून रंग जातो का बघायची, आणि मगच भाव विचारायची. दुकानदार सांगे तो आकडा ऐकून ती नुसती हसायची. मग तो खाली यायचा.

पुढं गावात सगळ्याच बायका नायलॉनच्या साड्या नेसायला लागल्या. त्या साड्या फाटतही नाहीत आणि गोधडीत बसतही नाहीत. सुई सटकते, आणि अंगावर घेतली की घाम येतो. जुनं सुती कापड गावातून आटत गेलं. मग आईला आतलं कापडही विकत घ्यावं लागायला लागलं, आणि शेलूबाजारचा कटपीसवाला सुतीचे दीडशे रुपये किलो मागायला लागला. त्या भावानं कापड घेऊन गोधडी शिवली तर हाताशी काही उरत नव्हतं. मी सुरतेला निघाले तेव्हा आईचं काम जवळजवळ बंद पडलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण खिडकीत बसलेल्या मुलीला ते आठवत नाही.

सुरतेत आम्ही लिंबायतला एक खोली घेतली. हे बारा तासांच्या पाळीला जायचे. आल्यावर जेवून झोपायचे. अंगाला रंगाचा वास. आजूबाजूला खानदेशी होते, ओडिशाचे होते, यूपीचे होते. खानदेशी बायका मराठी बोलायच्या, म्हणून मी पहिल्या आठवड्यात त्यांच्यात जाऊन बसले. नळावर मी कोणाला तरी आमच्याकडच्या बोलीत म्हटलं, "मी भांडे घासून राह्यली." त्या इतक्या हसल्या की पुढं कितीतरी दिवस पोरंसुद्धा माझ्या मागं "राह्यली, राह्यली" करत फिरायची. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी तसं बोलणं सोडलं. घरात यांच्याशी दोन शब्द, बाहेर मोडकं हिंदी. पूर्ण दिवस जायचा आणि संध्याकाळी लक्षात यायचं की आज आपला आवाज आपण ऐकलेला नाही.

आईला फोन केला की ती तब्येत विचारायची, जेवण विचारायची आणि मग कापडावर यायची. पाह्यलं का? काय भाव हाय? शेवटी एक दिवस मी कुलूप लावून बाहेर पडले, आईला काहीतरी सांगता यावं म्हणून.

सुरतेत कापड किती असतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. टेम्पो भरभरून, माणसांच्या डोक्यावर, दुकानांच्या छतापर्यंत. पण सगळं चमकणारं, घसरणारं. मी दुकानात शिरून मुठीत दाबून बघायचे, आणि कापड सोडताच सरळ व्हायचं. सुती मागितलं की लोक म्हणायचे, बेन, इथं सुती कोण विचारतं. असे कितीतरी दिवस मी फिरले. एका दुकानदारानं वर चांगला सुती तुकडा ठेवून खाली भलतंच बांधून दिलं, तेही घरी येऊन सोडल्यावर कळलं. आईला मी ते सांगितलं नाही.

जमीलाबेन सापडली ती अशीच चालता चालता. एका गल्लीच्या टोकाला पत्र्याचं गोदाम, दारात वजनकाटा आणि काट्याशेजारी खुर्चीत बसलेली पन्नाशीची बाई. गाऊन आणि कुर्ते शिवणाऱ्या कारखान्यांतून उरलेले तुकडे तिच्याकडे यायचे. सरमिसळ घेतलं तर चाळीस रुपये किलो, आणि सुती निवडून घ्यायचं असेल तर नव्वद. मी निवडायला बसले. तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा दाबून का बघते म्हणून विचारलं. मी आईचं सांगितलं. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा तिनं माझ्यासाठी पाट आणून ठेवला होता.

पहिलं गाठोडं मी यवतमाळकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिलं. तो पन्नास रुपये घेऊन ते शेलूबाजारच्या फाट्यावर उतरवायचा आणि माझा भाऊ मोटरसायकलवर घेऊन जायचा. आईनं त्यातून पाच गोधड्या शिवल्या आणि पाचही वाशिमला विकल्या गेल्या. मग शेजारच्या बायका आल्या. महिन्याला एक गाठोडं जायचं तिथं दोन जायला लागली. पेरणी-निंदणीच्या मधल्या दिवसांत आमच्या ओसरीवर सहा-सात जणी बसून शिवायला लागल्या.

गाठोडं पोचलं की आई फोन लावायला सांगायची. भाऊ स्पीकर चालू करून फोन मध्ये ठेवायचा आणि बायका गाठोडं सोडायच्या. मी इकडे खोलीचं दार लावून भिंतीला टेकून ऐकायची. हिरव्या फुलाफुलांच्या तुकड्यावरून दोघींची ओढाताण व्हायची. कोणीतरी म्हणायचं, मंदे, पुढच्या बारीनं लाल जास्त पाठव. कोणीतरी सुनेचं गाऱ्हाणं सांगायचं. मध्येच कोणाचं तरी बकरू ओरडायचं. मी पण बोलायची, पाठवून राह्यली, पाहून राह्यली, अन् इथं मला कोणी हसत नव्हतं. फोन बंद झाला की खोली होती तेवढीच पुन्हा व्हायची. पण तेवढ्या पाऊण तासात माझ्या खोलीत माणसं असायची. महिन्याच्या बाकीच्या दिवसांत मी गोदामात तुकडे निवडायची, ते निवडताना कोणता कोणाला आवडेल हे मनात म्हणायची. तसं पाहिलं तर ती वर्षं मी गावातच राहिले.

असं बरीच वर्षं चाललं. माझी दोन्ही मुलं झाली, शाळेत गेली, गुजरातीत भांडायला लागली.

मग एकदा मी जमीलाबेनच्या गोदामात गेले, पाट ओढला, तर ती म्हणाली, "तुम्हारी भाभी का माल तो कल ही गया." मला कळेना. तिनं सांगितलं, तिचा पुतण्या आता मोबाइलवर कापडाचे फोटो पाठवतो, माझ्या वहिनीनं गाठोड्यातल्या बिलावरचा नंबर लावला, फोटो बघून मोठी गठडी मागवली, पैसेही मोबाइलवरच आले आणि माल ट्रान्सपोर्टनं रवाना झाला. जास्त माल म्हणून भावही उतरला होता. जमीलाबेनला वाटलं, मला माहीत असेल. तिनं चहा मागवला. मी पाटावर बसूनच तो प्यायले, आणि समोरच्या ढिगाला हात लावला नाही.

घरी येऊन आईला फोन केला. आई म्हणाली, "तुले कायले तरास, म्हनून केलं तिनं. तुह्ये पाय दुखतेत, पोरं लहान हायेत. आता तुले उन्हातान्हाचं फिरा लागनार नाही."

वहिनीनं खरंच तेवढ्यासाठी केलं होतं. ती चांगली बाई आहे. तिच्या जागी मी असते तर मीही केलं असतं. मी आईला म्हटलं, "बरं केलं."

गठडी आता ओसरीवर कधी उघडते ते मला कळत नाही. सुरुवातीला वहिनी फोन लावायची, मग कामात राहून जायला लागलं. त्यातच आईला ऐकू येईनासं झालं. समोरच्याचं तोंड पाहून ती समजून घेते, पण फोनवर काही नाही. मी बोलते, वहिनी तिच्या कानाशी ओरडून सांगते, आई काहीतरी उत्तर देते, वहिनी मला सांगते. अशा बोलण्यात ख्यालीखुशाली कळते, बाकी काही कळत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी एकटीच गावी गेले. सकाळी शेलूबाजारला उतरले तो नेमका बाजाराचा दिवस. आईसाठी कडेचं कापड घ्यावं म्हणून कटपीसवाल्याकडे वळले. नवा पोरगा होता, मंगरुळपीरचा. ढिगात हात घालताच ओळखलं, कापड सुरतेचंच. मला हसू आलं आणि तोंडातून निघालं, "कैसे दिया भैया?"

त्यानं मान वर करून पाहिलं, माझी बॅग पाहिली, आणि हिंदीतच म्हणाला, "तीन सौ किलो, दीदी."

मला खरा भाव माहीत होता. सुरतेत ते कापड एकशेतीसला मिळतं, आणि गाडीभाडं, त्याचा नफा धरला तरी दोनशेच्या वर जात नाही. मला फक्त आपल्या बोलीत एक वाक्य बोलायचं होतं. "काहून रे, लुटतं काय?" एवढंच. वाक्य मनात तयार होतं. पण आजूबाजूला बायका उभ्या होत्या, आणि मला वाटलं, आता हे मी म्हटलं तर ते नक्कल केल्यासारखं वाटेल. मी एक किलो घेतलं आणि तीनशे रुपये दिले.

घरी आईनं कापड दाबून पाहिलं, चांगलं म्हणाली आणि बोटांनी भाव विचारला. मी तीन बोटं दाखवली. तिनं कापड बाजूला ठेवलं. मग माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, जसा आजारी माणसाच्या फिरवतात. त्या दिवशी तिनं तो विषय काढला नाही.

पुढच्या बाजाराला मात्र तीच आधी तयार होऊन बसली. गुडघे धरत जीपमध्ये चढली. बाजारात माझा हात धरून सरळ त्या पोराच्या ताडपत्रीपाशी गेली, आणि ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाली, "हे माही पोरगी व्हय. सुरतेची."

सुरतेत मला सगळे वाशिमवाली म्हणतात.

पोरगा ओशाळला. म्हणाला, "मावशी, मले काय मालूम. मी समजलो बाहेरच्या हायेत." आईला ते ऐकू गेलं नसावं. ती ढिगाकडे बोट दाखवून उभी राहिली आणि हसली, तशीच, जशी पूर्वी हसायची. त्यानं दोनशेचा भाव सांगितला. मागच्या वेळचे जास्तीचे शंभर वजा करून आणखी एक किलो बांधून दिलं. आईनं ते माझ्या हातात ठेवलं आणि जीपकडे चालायला लागली. मी तिच्या मागून चालत होते. तिचा तोल जाऊ नये म्हणून मी तिच्या दंडाला धरलं, आणि तिला वाटलं मलाच आधार हवाय, म्हणून तिनं माझा हात आणखी घट्ट धरला.

मी परत सुरतेत आहे. जमीलाबेनकडे अधूनमधून जाते, काम नसताना. पाट अजून आहे. माझ्यासारखी गाव सोडून आलेली माणसं विचारतात, घर कुठलं म्हणायचं आता, इथलं की तिथलं. मला एवढंच माहीत आहे की शेलूबाजारात आईच्या सोबत उभी असले तर मला गावचा भाव लागतो, आणि आई आता जागेवरून उठायलाही भिंतीला धरते. ती नसेल तेव्हा त्या ताडपत्रीसमोर मी एकटी उभी असेन. तेव्हा तो पोरगा काय भाव सांगेल, ते मला ऐकायचं नाही.