बोर्ड बदलल्यावर

कॉलेजच्या सर्व्हरचा मदरबोर्ड बदलून इंजिनिअर निघून गेला. मशीन सुरू केलं तर स्क्रीनवर कधीची तरी जुनी तारीख आली आणि सिरियल नंबरची जागा कोरी. डिस्क त्याच होत्या, मुलांचे निकाल त्यांत होते, पण आपण कोण हेच त्या मशीनला सांगता येईना. मला ते बघवेना.

नंबर मी मागच्या स्टिकरवरून वाचून भरला. बाकीची सेटिंग्ज फक्त सावंतसरांना माहीत होती. एकोणीस वर्षं त्यांनी ही सर्व्हरची खोली सांभाळली होती. दोन महिन्यांपूर्वी एका ओळीच्या पत्राने त्यांना घरी बसवलं, तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर होतो. माझं काम करत राहिलो.

तरी फोन मीच केला.

"लिहून घ्या," एवढंच म्हणाले. डिस्कची मांडणी, कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं, नेटवर्कचा पत्ता, सगळं न अडखळता सांगितलं. मग थांबून विचारलं, "झाला सुरू?"

"झाला, सर."

"बरं."

प्राचार्यांना कळवलं. ते म्हणाले, "छान. आता त्या सावंतांचं लॉगिन तेवढं काढून टाका."

यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर होतं. ते निवडल्यावर मशीनने विचारलं, खरंच काढायचं का? एवढं तरी त्याने विचारलं. आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

मी 'हो' दाबलं.