पाय दुसऱ्यानं बघायचे

१९७७ साली मी बावीस वर्षांचा होतो, आणि लडाखच्या एका पोस्टवर रोज संध्याकाळी केरबा नावाचा माणूस माझे पाय तपासायचा.

हे लिहायचं कारण सांगतो. बेंगळुरात जयनगरच्या आमच्या पार्कात सकाळी मंडळी जमतात. डिसेंबर लागला की सगळ्यांच्या माकडटोप्या निघतात. मग मला म्हणतात, तुम्ही बर्फात राहिलात, थंडीत तब्येत कशी सांभाळायची ते लिहून द्या. मी चौथी पास. लिहिणं आपलं काम नव्हे. पण विचारलंय तर लिहितो, आणि ह्यात कुणी दुरुस्ती करायची नाही.

पोस्टवर आम्ही बाराजण. दोघादोघांची जोडी असायची. जोडीदाराला बडी म्हणतात. ड्यूटी बडीबरोबर, जेवण बडीबरोबर. केरबा कागलकडचा, लान्स नाईक, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे माझ्या मराठीत कन्नड शिरलेलं. त्यावरून तो मला सोडायचा नाही.

"ए बेंगळूर, बूट काढ."

"स्वल्प थांब की."

"तुझं स्वल्प बर्फात पुरीन. काढ."

नियम थोडे होते. घाम फुटेल इतक्या घाईनं काम करायचं नाही, घाम अंगावर गोठतो. तहान नसली तरी बर्फ वितळवून गरम पाणी प्यायचं. ओले मोजे रात्री शर्टाच्या आत, पोटाशी धरून वाळवायचे. आणि दिवस मावळायच्या आधी बडीला पाय दाखवायचे. आपले पाय आपणच बघून 'ओके साब' म्हटलेलं चालत नव्हतं. सुभेदारसाब सांगायचे, "गोठलेला पाय दुखत नाही. म्हणून ज्याचा पाय त्याचा शब्द मी धरत नाही."

जानेवारीत टेलिफोनची लाइन तुटली. केरबा आणि मी जोडून आलो. येताना वारा सुटला, बर्फ आडवा मारत होता. पोहोचलो तेव्हा मला अगदी चांगलं वाटत होतं. मी चहा मागितला. केरबानं आधी माझे बूट ओढले. उजव्या पायाची तीन बोटं मेणासारखी पांढरी.

"दुखतंय?"

"नाही."

"मेलास."

त्यानं शर्ट वर केला आणि माझा पाय उघड्या पोटाला लावून बसला. चोळला नाही. चोळलं की कातडी जाते. बऱ्याच वेळानं बोटांत आग सुरू झाली आणि मी ओरडलो. केरबा हसायला लागला. "आलं, आलं, बेंगळूर परत आलं!" बोटं वाचली. अजून आहेत.

गोठून सुटलेल्या पायानं लगेच बर्फात जायचं नसतं. साबांनी मला वायरलेसवर बसवलं. रसद घेऊन खालून येणाऱ्या माणसांना गाठायला गस्तीची तुकडी निघाली, तेव्हा केरबा दुसरा बडी घेऊन गेला. दुपारी सेटवर आवाज आला.

"पोस्ट, पोस्ट. नाल्यावर बर्फ सुटला. एक जण दबलाय. ओव्हर."

"नाव सांग. ओव्हर."

"केरबा. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी सापडला. वर आणल्यावर त्याचे बूट मी काढले. कुणी सांगितलं नव्हतं. निघत नव्हते, वेळ लागला. मोजे कोरडे. नखं कापलेली. सगळं नियमानं.

पुढे मला दोन बडी मिळाले. चांगले होते. त्यांना पाय दाखवले, कारण हुकूम होता. पेन्शनवर घरी आलो आणि दाखवणं बंद केलं. बायको होती तोवर तिलाही नाही.

गेल्या डिसेंबरात पाय गार पडायला लागले. मला शुगर आहे, तळव्याला पहिल्यासारखं कळत नाही. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपायला लागलो. एके सकाळी टाचेला मोठा फोड. दुखत नव्हता. वरून मोजा चढवला आणि पार्कात गेलो.

रविवारी मुलगी आली, विजया. एचएसआर लेआउटला असते. अवरेकाईच्या शेंगा सोलता सोलता थांबली.

"अण्णा, मोज्याला डाग कसला?"

"चिखल."

"डिसेंबरात? दाखवा पाय."

"तू डॉक्टर आहेस?"

"डोळे आहेत मला. शुगरवाल्याची जखम चिघळली की पाय कापतात अण्णा. ठाऊक आहे ना?"

"दुखत नाही मला."

"सरी, बरं. तुमचा पाय, तुमचा हट्ट. कापायची तारीख ठरली की फोन करा." शेंगा तशाच टाकून गेली. डोळे पुसत गेली, ते मला दिसलं.

मी अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो. केरबाची आठवण तशी नेहमी येते, पण त्या संध्याकाळी तो हवाच होता. त्यानं काही विचारलं नसतं. शिवी दिली असती आणि मोजा ओढला असता. माणूस म्हातारा झाला की सगळे अदबीनं विचारतात, कसे आहात. आपण म्हणतो, उत्तम. विचारणारा खूश, आपणही खूश. मोजा कुणी ओढत नाही.

तर पार्कातल्या मंडळींनो, पाणी प्या, ओल्या कपड्यांत बसू नका, बधिर पायाला गरम पिशवी लावू नका. बाकी स्वेटर, टोपी घाला नाहीतर घालू नका. पण पाय दुसऱ्याला दाखवा.

माझी टाच पुढे भरून आली, ते डॉक्टरचं काम. माझ्या वाटणीचं काम मी त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. पहिल्या बसनं निघालो, सिल्क बोर्डच्या स्टॉपवर बदलली, विजयाच्या दारात उभा राहिलो. ती ऑफिसच्या तयारीत होती. मी स्टुलावर बसलो, मोजा काढला आणि पाय पुढे केला.

ती खाली बसली. नुकतीच भांडी घासून आलेली, घोट्याला तिचे हात गार लागले.

"असे नाही," मी म्हटलं. "केरबा हात आधी स्वतःच्या काखेत धरायचा. गरम झाले की मग पायाला लावायचा."

"केरबा कोण, अण्णा?"

इतक्या वर्षांत हे नाव मी घरात काढलं नव्हतं. विजयानं दोन्ही हात काखेत घातले आणि माझ्याकडे बघत बसली. मी सांगायला लागलो.