उभ्याने बोलायची भाषा

सुतारकाकांना इंग्रजी यायचं, पण उभ्यानेच. खाली टेकले की सगळं पुसलं जायचं. ही थाप नव्हे, ही करणी त्यांच्या इंग्रजीच्या मास्तरांची.

मास्तरांचा नियम असा, की इंग्रजी बोलायचं तर ताठ उभं राहून, हात मागे बांधून आणि वाक्य पुरं करून. चुकलं तरी चालेल, अर्धं सोडलेलं चालणार नाही. उद्या रंधाच मारायचा, लाकूड काय इंग्रजीत सोलायचंय, असं सुतारकाका तेव्हा तोंडावर म्हणाले होते. मास्तर शांतपणे म्हणाले, "विषय सक्तीचा आहे, बाळा. तुलाही आणि मलाही." पोर गुमान उभं राहिलं आणि 'धिस इज अ टेबल, टेबलाला चार पाय' असा घोष सुरू झाला. पुढे शाळा सुटली, हातात पटाशी आली आणि इंग्रजी माळ्यावर पडलं ते पडलंच. एवढी टेबलं केली, पण एकाही टेबलाने माझ्याशी इंग्रजीत बोलणं काढलं नाही, असं काका गिऱ्हाइकांना ऐकवत.

मग मुलाने लग्न केलं. सून परमुलखातली, इंग्रजी बोलणारी, आपल्या भाषेचा गंध नसलेली. लग्न तिकडेच झालं होतं. ती पहिल्यांदा सासरी आली आणि नेमक्या काकू लेकीकडे गेलेल्या, नातवाला ताप म्हणून. दुसऱ्या सकाळी मुलगाही कामासाठी शेजारच्या शहरात गेला. घरात उरले सासरा आणि सून.

सून चहा पुढे करी, काका मान डोलवत. ती काही विचारी, काका हसत आणि करवत उचलत. दुपारी मुलाचा फोन आला. "बाबा, ती विचारतेय, मी आवडले नाही का त्यांना? रडवेली झालीय. म्हणते, तू आलास की परत जाऊ."

लाकडातली गाठ चुकवता येते, पोरीच्या मनात बसली तर निघायची नाही. हातातली करवत ठेवून ते स्वयंपाकघरात गेले, सुनेसमोर खुर्चीत बसले, तोंड उघडलं, पण इंग्रजीचा एक शब्द आठवेना. हताश होऊन उठले, आणि उठताच हात आपोआप मागे गेले, पाठ ताठ झाली, आवाज खणखणीत आला.

"धिस इज अ टेबल."

सुनेने टेबलाकडे पाहिलं आणि हो म्हणाली. त्याला चार पाय आहेत, काकांनी सांगितलं. तिने वाकून पाहून तेही मान्य केलं. इथे धडा संपला, पण वाक्य पुरं करायची सवय संपली नव्हती. काका मोडक्या इंग्रजीत पुढे बोलत राहिले, हे टेबल मी बायकोसाठी केलं, ती या घरात आली तेव्हा. आता एक तुझ्यासाठी करणार. तू चांगली मुलगी आहेस, मी वाईट विद्यार्थी आहे.

सून खुदकन हसली आणि उत्तर द्यायला झटकन उभी राहिली, हात मागे बांधून. तिला वाटलं, या घरची रीतच अशी असणार.

संध्याकाळी काकू दारात आल्या तो काय, टेबलाच्या अलीकडे सासरा, पलीकडे सून, दोघं खांबासारखी ताठ.

"अहो, आल्या आल्या पोरीला उभं केलंत?"

"मी नाही, मास्तरांनी केलं," काका म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "जबरदस्तीने कोंबलेलं मूठभरच उरलं गं. पण त्या मुठीत सून मावली."

काकूंची शाळा इंग्रजीच्या आधीच संपलेली. त्यांनी पिशवी खाली ठेवली, टेबलाशी ताठ उभ्या राहिल्या, हात मागे बांधले आणि आपल्या चोख मराठीत म्हणाल्या, "मला भूक लागली आहे." सुनेने काय ओळखायचं ते ओळखलं आणि ताटं काढायला घेतली.

तेवढ्यात मुलगा आला. धपकन खुर्चीत बसला आणि बायकोला इंग्रजीत विचारू लागला, सामान बांधलंस का?

"आधी उभा राहा," काकू म्हणाल्या.

तो बावळटासारखा उभा राहिला. सून त्याच्यासमोर ताठ झाली आणि तिने सांगितलं, परत जायचं नाही, माझ्या टेबलाचं माप घेऊन झालंय.